अजगराच्या पोटातली खूण

पोचेकाकांचं खरं नाव विचारत बसू नका. कचेरीत अर्ज भरताना त्यांनाही पेन क्षणभर हवेत धरावं लागतं. पितळी वाद्यांना पडलेले पोचे काढण्यात ज्याचा सगळा जन्म गेला, त्याला लोक दुसरं काय म्हणणार? कुणाचा भोंगा जिन्यावरून गडगडला, कुणाच्या ट्रंपेटवर धाकटा भाऊ बसला, की ते वाद्य चादरीत गुंडाळून काकांच्या दारात येई. दोन खोल्यांचा कारखाना. पुढच्या खोलीत लाकडी ओंडक्यात रोवलेले लोखंडी दांडे, बारीक, जाड, सरळ, वाकडे. भिंतीवर सतरा हातोड्या, त्यातल्या वापरातल्या चारच. मागच्या खोलीत भट्टी, राळेचं पातेलं आणि एक मोडकी खुर्ची. गिऱ्हाईक ठाण मांडून बसू नये म्हणून ती मुद्दाम दुरुस्त केली नव्हती.

धंदाच असा, की काम चांगलं झालं तर कुणाला कळत नाही आणि बिघडलं तर आंधळ्यालाही दिसतं. ‘दुरुस्ती दिसली की दुरुस्ती फसली,’ हे काकांच्या गुरूंचं, थोरल्या मिस्त्रींचं वाक्य. थोरले मिस्त्री डावखुरे, कमी बोलणारे, आणि बोलले की समोरच्याला वाटावं, गप्प होते तेच बरं होतं. त्यांच्या कारखान्यात एक रीत होती. वाद्याच्या नळीचा सांधा सोडवला, तर पुन्हा डाख देऊन तो बंद करण्याआधी आतल्या बाजूला सुईने आपली खूण कोरायची आणि शेजारी साल घालायचं. बाहेर काही नाही. बाहेरची बाजू वाजवणाऱ्याची, आतली आपली. पुढे कधी दुसऱ्या कारागिराने ते उघडलं तर त्याला कळावं, की आपल्याआधी इथे कोण येऊन गेलं.

पण ही खूण आपली आपण ठरवायची नाही. ती मिस्त्रींनी द्यायची. दहा-दहा वर्षं हातोडी मारूनही खूण न मिळालेले महाभाग होते. ते चिडून निघून जायचे आणि पलीकडच्या गल्लीत स्वतःच्या नावाची पाटी लावायचे. काकांना खूण मिळाली पंचविसाव्या वर्षी. एक अर्धगोल आणि त्याच्या पोटात टिंब. पुढे पंचेचाळीस वर्षं शेकडो वाद्यांच्या आत काकांनी ती घातली, आणि दर वेळी सुई उचलली की मनात चर्र झालं. का, ते त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही.

हे सगळं वर आलं ते मेहुण्याच्या एका फोनमुळे. मेहुणा म्हणजे काकूंचा धाकटा भाऊ. त्याचं जुन्या वस्तूंचं दुकान होतं, आणि त्याला कुणी भंगारवाला म्हटलं की तो दोन दिवस नीट जेवत नसे. “लोक टाकतात ते भंगार,” तो म्हणायचा. “आणि टाकून पस्तावतात, ते मी विकतो.” बोलण्यात तो कुणाला हार जायचा नाही. व्यवहारात मात्र रोज हरायचा.

“भाऊजी, असाल तसे या,” तो फोनवर म्हणाला. “एक चीज हाती लागलीय. आहे काय ते मला कळत नाहीये. पण जोरदार आहे, एवढं कळतंय.”

काका सकाळचं काम उरकून गेले. दुकान म्हणजे एक लांबच लांब, अरुंद खोली. बंद पडलेली घड्याळं, शिवणयंत्रं, पारा उडालेले आरसे, एक पाय गमावलेली टेबलं. छत दोन ठिकाणी गळत होतं आणि त्याखाली विक्रीच्याच बादल्या ठेवल्या होत्या. तिथे, एक कपाट आणि एक वजनकाटा यांच्यामध्ये, अजगर उभा होता.

हे नाव कारखान्यातलं. त्या वाद्याचं पुस्तकी नाव घेताना जिभेला पीळ पडतो. कमरेच्या वर पोचेल एवढं उंच. तोंडाकडची बारीक नळी खाली उतरते, बुडाशी घोड्याच्या नालासारखी वळते, आणि जाड होत होत वर येऊन भोंग्यात उघडते. अंगावर झाकणांसारख्या अकरा चाव्या. असलं वाद्य आता कुणी बनवत नाही, आणि वाजवणारे शोधायला निघालात तर चपला झिजतील. काकांनी आयुष्यात असं एकच पाहिलं होतं.

ते खाली वाकले, बुडाच्या वळणावरून अंगठा फिरवला, आणि वळणाच्या पोटाशी तो थांबला. तिथे पत्रा केसभर जाड होता. ज्याने ठोकला त्यालाच कळावं, एवढाच.

“कुठून आणलंस?” त्यांनी विचारलं.

“एक म्हातारी गेली. पुतण्यांनी माळा रिकामा केला. तिचे वडील बँडमास्तर होते म्हणे.”

“होते,” काका म्हणाले.

“तुम्हाला काय माहीत?”

“अरे, असलं धूड घरात बाळगणारा दुसरा कोण असणार?”

मेहुण्याला ते पटलं. पटवून घ्यायला तो नेहमीच तयार असे. त्याने सांगितलं ते असं: गुरुवारी संग्रहालयाच्या बाई येणार आहेत. फोटो पाहूनच त्या हरखल्या आहेत. पण त्यांची एक अट आहे. वाद्य मुळात जसं घडलं तसंच हवं, एकही भाग मागाहून बदललेला नको. “तुम्ही फक्त शेजारी उभं राहायचं,” मेहुणा म्हणाला, “आणि एवढंच म्हणायचं, की हे अस्सल आहे. भाऊजी, या गावात पितळेच्या बाबतीत तुमचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. हे गेलं ना, तर आधी छत नवं करतो. ताईची शपथ.”

“तिची कशाला, स्वतःची घे,” काका म्हणाले आणि घरी निघाले. रस्त्यात दोन ओळखीचे हसले, काकांना ते दिसलेसुद्धा नाहीत.

आता काय झालं होतं ते सांगायला हवं. काका तेव्हा तेवीस वर्षांचे. हात चांगला, डोकं गरम, आणि खूण मिळण्याची घाई. थोरल्या मिस्त्रींची बहीण आजारी पडली म्हणून ते अठरा दिवस परगावी गेले. जाताना सांगून गेले, “अजगराच्या चाव्यांखालची चामडी बदल. बाकी कशाला बोट लावायचं नाही.” बँडमास्तरांना महिनाअखेरीला वाद्य हवं होतं. पण बुडाच्या वळणाला एक जुना पोचा होता, आणि या पठ्ठ्याला वाटलं, मिस्त्री येईपर्यंत तो काढून ठेवू. म्हणतील, वा! अशी ‘वा’ मिस्त्रींच्या तोंडून कुणी ऐकली नव्हती, हे तो विसरला.

वळण सोडवायला त्याने जाळ लावला. डाख वितळेना, म्हणून जाळ वाढवला. आणखी वाढवला. पितळ लालभडक झालं. तसल्या पितळेला हात लावायचा नसतो, हे कारखान्यातल्या मांजरालाही माहीत होतं. त्याने घाईने चिमटा लावला आणि वळण पोटातून टचकन तडकलं. शंभराहून जास्त वर्षांचं पितळ, आणि बोट जाईल एवढी चीर.

तो खाली बसला. अर्धा तास रडला, हे सांगायला हरकत नाही. मग उठून त्याने दार लावून घेतलं आणि कामाला लागला. पत्रा कापला, नळी वळवली, शिवण जोडली, आत राळ ओतून ती घट्ट होऊ दिली आणि ठोकून ठोकून वळण दिलं. पहिलं फसलं. दुसरं फसलं. तिसरं बसलं, असं बसलं की सांध्यात कागदही शिरेना. नवसागराच्या पाण्याने त्याला जुनेपणा आणला. पुरे दोन आठवडे. त्यानंतर आयुष्यात त्यांनी एवढं सुंदर काम केलं नाही, आणि हे त्यांना स्वतःलाही ठाऊक होतं.

एवढ्यावर थांबले असते तर गोष्ट वेगळी होती. पण जुन्या वळणाच्या आत तीन खुणा होत्या. एक चांदणी, एक किल्ली, आणि तिसरी खुद्द थोरल्या मिस्त्रींची: दोन तिरक्या रेघांमध्ये टिंब. नवं वळण आतून कोरं करकरीत. कधी कुणी उघडलं तर? तेव्हा त्या तिन्ही खुणा, तिन्ही सालांसकट, त्याने नव्या वळणात हुबेहूब कोरल्या. दोन मेलेल्या कारागिरांच्या आणि एका जिवंत गुरूच्या खोट्या सह्या. मग डाख देऊन बंद केलं.

मिस्त्री आले. वाद्य पाहिलं, चाव्या दाबून पाहिल्या, “हं,” म्हणाले. बँडमास्तर घेऊन गेले. दोन वर्षांनी अजगर परत आला, एक चावी अडकत होती म्हणून. त्या वेळी मिस्त्री म्हणाले, “हे मी बघतो,” आणि मागच्या खोलीत दार लावून घेऊन बसले. पुढच्या खोलीत पोचेकाका एका साध्या बिगुलावर हातोडी मारत होते, आणि त्याला नवीनच पोचे पाडत होते. दुपारी दार उघडलं. “झालं,” मिस्त्री म्हणाले. “जा, चहा सांग.” बस्स, एवढंच. चार दिवसांनी त्यांनी काकांना समोर बसवून एका पत्र्यावर अर्धगोल काढला, पोटात टिंब दिलं आणि म्हणाले, “ही तुझी.”

चोरी पचली आणि वर बक्षीस मिळालं! मिस्त्रींना कळलंच नाही, असं काका समजून चालले. पुढे बँड मोडला, अजगर पुन्हा आला नाही. मिस्त्री आजारी पडले तेव्हा काका रोज त्यांच्या उशाशी बसत, रोज ठरवत की आज सांगू, आणि रोज औषधाची वेळ विचारून घरी येत. मग मिस्त्री गेले. खूण मात्र राहिली, आणि ती आपली नव्हेच, फसवून घेतलेली आहे, हे रोज टोचत राहिलं.

दुकानातून आल्यावर काकांनी चहा घेता घेता हे सगळं काकूंना सांगितलं. काकू ऐकत होत्या. मध्येच त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. ते दार वाऱ्याने आपटत असे, म्हणून त्याला लग्नापासून एक वाकडी पितळी नळी टेकवलेली होती.

“अहो, म्हणजे ते तडकलेलं वळण हेच?”

“हेच.”

“पंचेचाळीस वर्षं मी चोरीचा माल चिंचेने घासतेय?”

“चोरीचा नाही गं. मोडलेला.”

“एकच ते.” काकूंनी कप खाली ठेवला. “मग आता काय करणार?”

“तुझ्या भावाचं छत आहे गं मध्ये.”

“माझ्या भावाचं छत तो लहान होता तेव्हापासून गळतंय,” काकू म्हणाल्या. “त्याचं मी बघून घेईन. तुमचं काय ते तुम्ही बघा. तिथे जाऊन अस्सल म्हणालात ना, तर उरलेले दिवस तुमचा चेहरा मला बघावा लागणार आहे.”

गुरुवारी काका पिशवी घेऊन निघाले. दार आपटू नये म्हणून काकूंनी तिथे पाटा सरकवला होता.

संग्रहालयाच्या बाई वेळेवर आल्या होत्या. चाळिशीच्या, आखूड केसांच्या, हातात पांढरे मोजे. त्यांनी मोजपट्टी काढली, भिंग काढलं, आणि मग एक लांब काळी नळी काढली. तिच्या टोकाला दिवा आणि कॅमेरा होता, दुसऱ्या टोकाला तळहाताएवढा पडदा. नळी भोंग्यातून आत सरकवत त्या पडद्याकडे पाहत होत्या. मेहुणा त्यांच्या मागे उभा राहून, काही समजत नसताना, मान डोलावत होता.

“बाई गं!” एकाएकी त्या म्हणाल्या. “आत खुणा आहेत. चांदणी, किल्ली, आणि ही तिसरी. तीन वेगवेगळी सालं. म्हणजे हे बूड निदान पहिल्या सालाइतकं तरी जुनं. मूळचंच असणार!” त्यांचा आवाज चढला होता. “किती सुंदर काम आहे हे. आता असे हात कुठे राहिलेत?”

काकांच्या कानशिलांत ऊन लागल्यासारखं झालं. सगळ्या जन्मात त्यांच्या कामाला सुंदर कुणी म्हटलं नव्हतं, कारण ते कुणाला दिसलंच नव्हतं. आज कुणी म्हटलं, ते या कामाला. एक क्षणभर त्यांना वाटलं, गप्प बसावं आणि एवढं ऐकून घरी जावं.

“आमचे भाऊजी या क्षेत्रातले दादा आहेत,” मेहुणा म्हणाला. “सांगा की भाऊजी.”

“ते बूड मूळचं नाही,” काका म्हणाले. “ते मी केलंय.”

मेहुण्याने असा चेहरा केला, जणू एखाद्या बादलीत आता छतच येऊन पडलं. बाई हसल्या. त्यांना वाटलं, म्हाताऱ्याची थट्टा असेल. “काका, यात दुरुस्तीची एक रेघ दिसत नाहीये.”

“दिसायची नाहीच.” काकांनी पिशवीतून दाराची नळी काढली आणि टेबलावर ठेवली. “मूळचं हे आहे. चीर बघा. आतल्या खुणा बघा. तिथल्या तिन्ही मी नकलून काढल्यात. तेवीस वर्षांचा होतो. घाबरलो होतो.”

बाईंनी जुनी नळी उचलली. भिंगाने आत पाहिलं, मग पडद्यावर पाहिलं, पुन्हा आत. मेहुणा खाली बसला आणि ज्या टेबलाला टेकला, ते तीनच पायांचं होतं. त्याला सावरण्यात थोडा वेळ गेला.

“खरंय,” बाई शेवटी म्हणाल्या. “या तिसऱ्या खुणेच्या रेघा जुन्यात उजवीकडून डावीकडे ओढल्यात. इथे, नव्यात, त्या डावीकडून उजवीकडे आल्यात.”

काकांनी डोळे मिटले. आकार, माप, साल, सगळं नकललं होतं. हात मात्र नकलायचा राहिला. डावखुऱ्या माणसाची खूण त्यांनी उजव्या हाताने कोरली होती, आणि ती ज्याची होती त्याने दार लावून तासन्तास तिच्याकडे पाहिलं होतं. म्हणजे मिस्त्रींना कळलं होतं. त्याच दुपारी कळलं होतं.

“पण मग ही चौथी कुणाची?” बाईंनी विचारलं.

“चौथी नाही. तीनच आहेत.”

“नाही हो, खाली सांध्याच्या अगदी कडेला बघा.” त्यांनी पडदा वळवला.

काकांनी चष्मा पुसला आणि वाकून पाहिलं. तिथे एक अर्धगोल होता. त्याच्या पोटात टिंब होतं. अर्धगोलाची रेघ उजवीकडून सुरू होऊन डावीकडे संपत होती, आणि शेजारी साल कोरलं होतं. मिस्त्रींनी वाद्य उघडलं ते साल नव्हतं. वळण घडलं, ते साल होतं.

खूण काकांच्या हातात पडायच्या चार दिवस आधी ती तिथे पोचली होती. आधी काम, मग त्याखाली कामगार, रीतीप्रमाणे. काकांनी टेबलाची कड धरली. त्यांना रडू आलं, आणि पारा उडालेल्या सगळ्या आरशांच्या साक्षीने ते रडले. मेहुण्याने बादली उचलली, कशासाठी ते त्यालाही सांगता आलं नसतं, आणि पुन्हा जागच्या जागी ठेवली.

“भाऊजी, पाणी आणू?”

“नको रे.”

बाई थोड्या थांबल्या. त्यांनी मोजे काढले. “मला दोन्ही हवेत,” त्या म्हणाल्या. “हेही आणि ते जुनं वळणही. अस्सल मिळतात हो कुठे कुठे. असं मला कुठे मिळणार?” मेहुण्याच्या जिवात जीव आला आणि तो लगेच म्हणाला, की आपण हे आधीपासून ओळखून होतो.

“नोंदीत लिहावं लागेल,” बाईंनी वही उघडली. “बुडाचं वळण कुणी घडवलं? तुमचं पूर्ण नाव सांगा.”

“नाव राहू दे,” पोचेकाका म्हणाले. “पेन द्या.”

त्यांनी वहीत अर्धगोल काढला आणि पोटात टिंब दिलं. क्षणभर ते थांबले, काही टोचतंय का बघत. मग पेन परत दिलं, रिकामी पिशवी घडी करून काखेत मारली आणि जेवायला घरी गेले.